फिलममधला धुऱ्याचा गोटा

आमच्या फिलमबद्दल पहिलं मत भेटलं ते कॉलेजातल्या मराठीच्या सरांचं, आन् ते बी फिलम न पाहता, नुसतं पोस्टर पाहून. पोस्टरवर मोठ्या लाल अक्षरात लिहेल होतं, "धुऱ्यावरचं रगत". सर पुण्याकडचे. त्यायनं चष्मा वर केला, खाली केला, आन् मले विचारलं, "धुरा म्हणजे गाडीची ना? बैलांच्या मानेवरची? मग रक्त मानेवर कसं? आणि बैल कुठे आहेत?"

मी म्हटलं, "सर, धुरा म्हणजे बांध. दोन वावरायच्या मधातला."

"मग बांध लिहा की. आणि रगत नाही, रक्त."

"सर, आमच्याकडं धुऱ्यावर रक्त नाई सांडत. रगतच सांडते."

सर हसले नाई. पोस्टर लांब धरून पाहू लागले. एक माणूस कुऱ्हाड उगारून उभा, दुसरा खाली पडेल, बाजूले हिवराचं झाड, आन् एक उभा गोटा, त्याच्यावरून लाल वघळ. "फारच हिंसक आहे," म्हणाले, "घरच्यांना घेऊन कोण येईल?" आन् वापस देलं. बस, संपलं. आमी उन्हातान्हात मरमर मेलो आन् सरायले फक्त बैल पाह्यजे होते!

दोस्त बाहेर उभा होता. त्याले सांगतलं तं तो म्हणे, "सोड बे! ज्यायले धुरा मालूम नाई त्यायचं मत घेऊन काय लोणचं घालाचं? तुह्या मामाच्या धामणगावात दाखवू. वावरवाल्यायले दाखवू. तिथं पटली तं मुंबईत पटन."

हा दोस्त म्हणजे मलकापूरच्या एका जिनिंगवाल्याचा पोरगा, माह्याच वर्गातला. त्याच्या काकानं फॉरेनहून एक कॅमेरा आणेल होता, हातात माईन एवढा, घड्याळासारखी चावी द्याची आन् बटन दाबलं का चालू. आवाज नाई येत त्यात, नुसतं चित्र. रीळ टपालानं मुंबईले धुवाले जाये आन् धुवून वापस ये. आन् हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावरच हाय: त्या रिळाची दुसरी प्रत नसते. जे कॅमेऱ्यात घातलं तेच धुवून येते आन् तेच पडद्यावर चालते. फाटलं तं फाटलं, जळलं तं जळलं, खेळ खलास.

मुंबईत कॉलेजच्या पोरायच्या फिलमायची एक स्पर्धा होती. तिथं ते रीळ न्याचं, एवढंच मले दिसे. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, मुंबई आपली राजधानी झाली म्हणून सगळे छाती फुगवून बोलत, पण आमच्यातल्या कोणी ती पाह्यली नव्हती. माह्या मामाले तं पटतच नव्हतं. "राजधानीत जातो म्हनते आन् मुंबईचं तिकीट काढते," तो मामीले सांगे, "राजधानी नागपूरले नाई का वं?"

फिलम मामाच्याच वावरात काढली, धामणगाव बढ्याले. गोष्ट साधी. दोघं शेजारी, मधात धुरा, एकानं धुरा कोरला, दुसऱ्यानं त्याले तोडला. मारणारा मी. मरणारा आमचा पेंटर, दुकानायच्या पाट्या रंगवे तो. त्याले मराची भलतीच हौस. कुऱ्हाड मामाची, खरी. रगत म्हणजे कुंकू कालवेल पाणी.

शेवटचा शॉट असा होता का पेंटर पडते आन् त्याचं रगत धुऱ्याच्या गोट्यावर उडते. गोटा म्हणजे हद्दीचा दगड, इकडं मामाचं वावर आन् तिकडं शेजारी काकाचं. दोस्तानं कॅमेऱ्यातून पाह्यलं आन् कपाळावर हात मारला. "गोटा हिवराच्या मागं जाते बे! दिसूनच नाई राह्यला!" उलट्या बाजूनं पाह्यलं तं सूर्य समोर. मंग आमी तिघायनं जोर लावून तो गोटा उपटला आन् हिवराच्या पल्याड, काकाच्या वावरात चार हात आत, उभा केला. एकदम झकास दिसे. उन्हात पांढरा सफेद. पेंटर तिथं मेला, चांगला तडफडून मेला. शॉट झाल्यावर गोटा उचलून त्याच्याच खड्ड्यात वापस बसवला, माती दाबली, वरून नाचलो बी. वावरात चिटपाखरू नव्हतं, भर दुपार. आमच्या हिशोबानं कुऱ्हाड जशी सामान तसा गोटा सामान.

पेंटरनं पोस्टर काढलं तवा त्यानं आणखीन मजा केली. "रगत" मधल्या 'त'ची शेपटी त्यानं एवढी लांब ओढली का गोट्याले जागाच उरली नाई. मंग त्यानं गोटा घेतला अल्याड, पार मामाच्या वावरात. मी पाह्यलं बी नाई. मी 'त'चीच तारीफ करून राह्यलो होतो.

आता मामा आन् शेजारी काका. दोघायचं म्हणणं एकच का समोरचा दरसाली नांगरताना गोटा बोटभर सरकवते. जवानीत एकदा कोर्टात गेले, काई निघालं नाई, वापस आले. मंग एकाच विहिरीचं पाणी, एकाच गाडीत बाजार. पण गोट्याचं नाव काढलं का दोघंबी गुमसुम.

गावात वीज नुकतीच आलेली, बाजारापुरती. दिवेलागणीले बाजारातच मामाचं धोतर दोन गाड्यायच्या मधात ताणून बांधलं, तो आमचा पडदा. प्रोजेक्टर बाजेवर. पेंटर दिवसभर सायकलले भोंगा बांधून बोंबलत फिरला होता, "या या, पाहा पाहा, धुऱ्यावरचं रगत, अंगावर काटा, फुकट फुकट!" पोस्टर बाजूच्याच शाळेच्या भिंतीले चिकटवलं. अर्ध गाव आलं. मामा आन् काका सगळ्यायच्या पुढं, एकाच सतरंजीवर, मामानं काकाले तंबाखू मळून देला. मी म्हटलं, आता हे लोक मत सांगतीन! खरं मत!

फिलमीले आवाज नाई ना, मंग आवाज मी देऊन राह्यलो होतो, भोंग्याच्या माईकवर. मारणाऱ्याचा आवाज मी मामाचा काढला. लहानपणापासून काढतो, मामी सुद्धा फसते. लोक जाम खूष. "अबे हा तं आपला हिवर!" "तो पाय माहा बैल, माहा बैल आला!" पोरायच्या शिट्ट्या. मी कुऱ्हाड खांद्यावर टाकून चालत येतो तिथं तं एक म्हातारी मोठ्यानं बोलली, "मेल्याचं चालनं पाय, मामासारखंच!"

मंग तो शॉट आला. हिवराच्या पल्याड गोटा. साफ.

मामा उठला. "थांबव."

कोणालेच काई समजलं नाई.

"थांबव बे ते! तो पाहा गोटा! पाहा कुठी हाय!"

दोस्त ओरडला, "मामा, थांबवता येत नाई! बल्ब तापेल हाय, थांबवलं का रीळ जळते!"

मामा पडद्यापाशी गेला आन् त्यानं धोतरावरच्या गोट्यावर बोट ठेवलं. "मी काय म्हनत होतो इतके साल? हिवराच्या तिकडं होता! यानं अल्याड सरकवला, चार हात गिळला माहा! आता फोटो हाय! फोटो खोटं बोलते का?"

काका उठला. "तिकडं कधी होता बे तो? तुह्या बापानं पाह्यला का तिथं?" आन् त्याची नजर गेली भिंतीवर. त्यानं पोस्टर टराटरा ओढलं आन् मामाच्या नाकापुढं धरलं. "आन् हे काय हाय? तुह्याच भाच्याचं हाय ना? इथं गोटा तुह्या वावरात हाय, पार आत! म्हंजे म्याच सोडेल हाय तुले!"

"ते चित्र हाय!"

"मंग ते काय हाय, तुह्यी आई जेवाले वाढून राह्यली का तिथं?"

पेंटर मागून बोंबलला, "काका, ते 'त'ची शेपटी..." पण 'त'ची शेपटी कोण ऐकते.

आन् मी? माहं ध्यान पडद्यावर! लोक ओरडून राह्यले म्हणजे फिलम रंगली, असं मले वाटलं, खरंच. पडद्यावर माही कुऱ्हाड वर गेली आन् मी माईक तोंडाले लावून मामाच्या आवाजात जीव खाऊन ओरडलो, "आज तुले जित्ता सोडत नाई! तोडतो तुले! इथंच गाडतो धुऱ्यात!"

भोंगा गावाच्या पार शेवटापर्यंत ऐकू जाये. काकाचा मोठा पोरगा घरी ढोरायले कडबा टाकत होता. त्यानं काय ऐकलं? मामा त्याच्या बापाले गाडून राह्यला. त्यानं गाडीची उभारी उपसली, ते जाड लाकूड असते ना गाडीच्या कडेले खोचेल, तेच, आन् संगं चुलत भाऊ, आन् पळतच गर्दीत घुसला. काई विचारलं नाई. मामा पाठमोरा, पडद्याकडं तोंड. उभारी डोक्यावर बसली. कवठ फुटल्यासारखा आवाज आला, भोंग्यातून सुद्धा आला, कारण माईक माह्या हातात उघडाच होता.

मामा पडला नाई. रगत त्याच्या कपाळावरून, डोळ्यात, दाढीत, आन् एक फवारा पडद्याच्या धोतरावर, दुसरा काकाच्या हातातल्या पोस्टरवर. पडद्यावर त्याच घडीले पेंटर मरून राह्यला होता. तिथं कुंकू, इथं मामा, एकावर एक. मामानं डोळे न उघडताच हात फिरवला, काकाचा दंड त्याच्या हातात आला, त्यानं तो गाडीच्या दांडीवर घातला आन् वरून सगळा भार टाकला. काटकन. काका असा किंचाळला का बैल दावं तोडून पळाले.

मंग कोण कोणाले मारे काई समजे ना. मामाकडचे धावले, काकाकडचे धावले, ज्यायचं काई नव्हतं ते सुद्धा मारून राह्यले. एकाचा कान लोंबला. एकाले खाली पाडून त्याच्या छातीवर दोघं उभे राह्यले. पेंटर सायकल डोक्यावर धरून फिरे आन् त्या सायकलनंच एकाचं थोबाड सुजलं. मी माईकवर ओरडलो, "मारू नका! ती फिलम हाय!" पण आवाज माह्या गळ्यातून अजूनबी मामाचाच निघे! कोणीतरी तोच माईक उलटा करून माह्या तोंडात घातला. समोरचा दात अर्धा तुटून जिभेवर आला. आन् दोस्त? तो बाजेवर, प्रोजेक्टरवर पालथा पडेल. पाठीवर दोन उभाऱ्या खाल्ल्या त्यानं, हाडं वाजली, पण रीळ फिरत ठेवलं. थांबलं असतं तं जळलं असतं.

थांबवलं ते मामीनं. ती घरातून परात घेऊन आली, नवी दळेल मिरची, आन् दोन्ही हातानं गर्दीवर उधळली. प्रोजेक्टरच्या पंख्यानं ती आणखीन पसरवली. खोकून खोकून माणसं जमिनीवर. "आता व्हा आंधळे!" मामी ओरडली, "गोटा दिसनच नाई, मंग भांडा!"

रीळ संपलं. शेवट फट्‌फट्‌ वाजून राह्यला आन् धोतरावर पांढरा उजेड.

दुसऱ्या दिवशी मामाच्या डोक्याले टाके, काकाचा हात फळीत. मी मामाच्या बाजेपाशी बसून सगळं सांगतलं. गोटा आमी हलवला, वापस ठेवला, जिथला तिथं. मामा आयकत होता. मंग त्यानं पडल्या पडल्या एक ठेवून देली, तुटक्या दाताच्याच बाजूले. "भाचा कोनाचा तू? माहा का त्याचा?"

"तुमचाच, मामा. पण गोटा जागेवरच हाय."

"फोटोत नाई."

"फोटोसाठीच हलवला!"

"मंग फोटोत दिसते ते खरं का तू खरा?" मामा म्हणे, "रीळ आन. वकिलाले देतो."

"वकिलानं बोलावलं तं मी कोर्टात हेच सांगीन मामा, आमीच हलवला म्हणून."

मामानं भिंतीकडं तोंड केलं. आन् तिकडं काकाच्या घरी हे पोचलं का मामा रीळ घेऊन वकिलाकडं चालला. रीळ मी गोठ्यात कुटाराच्या ढिगात लपवेल होतं. ते काढून सदऱ्यात घातलं आन् वळलो तं काकाचा मोठा पोरगा आडवा. हातात कुऱ्हाड. त्यानं मले भिंतीले दाबलं आन् पातं इथं, गळ्याले लावलं. थंडगार. तो बी घाबरेल होता, पातं माह्या कातडीवर वरखाली होये, तेच जास्त भेसूर. एक बारीक धार गळपट्टीत गेली तं मले वाटलं घाम हाय.

"रीळ दे."

"देत नाई."

"तुह्यी ती फिलम जोवर हाय तोवर माह्या बापाचं वावर त्यायचं हाय. आज तू म्हनशीन हलवला. उद्या तू मेला तं? फोटो तं राह्यतेच."

बरोबरच होतं त्याचं. पण ते रीळ माह्या पोटाले, सदऱ्याच्या आत. मी म्हटलं, "मंग तोड. पण रिळासगट तोड."

मामी मागून आली. ती कोणालेच भेत नाई. तिनं त्याच्या हातावर फटका मारला, कुऱ्हाड खाली पडली. "फिलमीत मी पाह्यलं ना काल, मानूस कसा मरते ते," ती म्हणे, "आता घरात दाखवता का? जेवढ्यात गोटा हाय तेवढी कापा. बाकीची पोराले द्या."

जेवढ्यात गोटा हाय! म्हणजे खून! म्हणजे सगळी फिलमच ज्याच्यासाठी काढली ते! मी रडलो, खरं सांगतो, त्या पोरासमोर रडलो. दोस्तानं विचार केला आन् हळूच म्हणे, "देऊन टाक बे. नाईतर पुरंच जाईन." त्याले धड उभं राहता येत नव्हतं.

धुऱ्यावरच गेलो सगळे; भाचाच कोर्टात उलटं बोलणार म्हटल्यावर मामाबी आला. दोस्तानं रीळ उन्हात धरून एक एक चित्र पाह्यलं आन् जिथून गोटा दिसाले लागते तिथं बोट ठेवलं. ती पट्टी गोट्यावरच अंथरली. आता कापणार कोण? मामानं कापलं तं काका म्हणणार, कमी कापलं. काकानं कापलं तं मामा म्हणणार, माहा पुरावा चोरला. मंग ठरलं का मामाचा घाव सुरुवातीले आन् काकाचा घाव शेवटाले. मामानं डोक्याच्या फडक्यातून एक डोळा मिटून कुऱ्हाड मारली, गोट्यातून ठिणगी उडाली. काकानं डाव्या हातानं मारली, दोनदा मारा लागली. मधातला तुकडा त्यायनं तिथंच पेटवला. असा भपकन जळला, वास अजून नाकात हाय. चिंधी पेटल्यासारखा. पेंटर, तो त्याच तुकड्यात मेला होता ना, टोपी काढून उभा राह्यला.

मुंबईले गेलो आमी दोघंच. पोस्टर तेच नेलं, दुसरं कुठून आणणार, खळ लावून जोडेल. आमच्या फिलमीत आता मी कुऱ्हाड घेऊन चालतो, चालतो, पेंटर वळून पाहते, आन् भक्कन रिकामं आभाळ, एक घार. बस. संपली.

परीक्षक मंचावरून बोलले. त्यायच्यात एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, "या मुलांनी खून दाखवलाच नाही. आजच्या दिवसभरात एवढा भयंकर खून मी पाहिला नाही. हा कट कुणी सुचवला?"

सगळे आमच्याकडं पाहाले लागले. मी उठलो, पण तुटक्या दातातून बोलणं फुसफुस होये म्हणून बसलो. दोस्त उठला. "त्याच्या मामानं आन् शेजारी काकानं," तो म्हणे, "कुऱ्हाडीनं." लोक हसले. त्यायले वाटलं आमी खेड्यातले लोक मजाक करून राह्यलो. दुसऱ्या एका परीक्षकानं पोस्टर हातात घेतलं, वाळेल डागावर नख घासलं आन् विचारलं, "हा रंग कोणता? छापील वाटत नाही." दोस्तानं माह्याकडं पाह्यलं. मी पोस्टर वापस घेतलं आन् गुंडाळलं. बक्षीस भेटलं नाई, नियमापरमानं फिलम आखूड भरली.

मलकापूरच्या ठेसनावर उतरलो तं मामा. सरकी घ्याले आला होता म्हणे, पण गाडी रिकामीच. टाके निघाले होते, केस अजून आले नव्हते.

"काय म्हनले मुंबईवाले?"

"म्हणले, मामा, कापलं ते लय चांगलं कापलं."

मामा थांबला. "कोनता घाव? पयला का दुसरा?"

"दोन्ही."

"दोन्ही कसे?" त्यानं बैल जुपले, जुवाले हिसका देला. "त्याचा तिरपा पडला होता, दोनदा मारला त्यानं, तू तं तिथंच होता! माहा एका घावात गेला. तुमी सांगतलं का नाई त्यायले, पयला माहा म्हून?"

गाडी रेल्वेच्या फाटकाबाहेर निघाली. मामा धामणगावापर्यंत तेच बोलत राह्यला.